पाच गुंठे बरड

शांतवन खुशाल वानखडे आमच्या धामकुंडचा पोस्टमन होता. वर्ध्याहून अकराची एसटी आली की कंडक्टर टपालाची थैली खाली द्यायचा. शांतवन ती पोस्टात न्यायचा, शिक्के मारायचा आणि भर उन्हात सायकल घेऊन निघायचा. गावातल्या निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे पत्र देणं आणि पत्र वाचून दाखवणं ही दोन्ही कामं त्याच्याचकडे. वाईट बातमीचं कार्ड असलं तर तो आधी प्यायला पाणी मागायचा, खाली बसायचा आणि मग वाचायचा. त्यामुळे शांतवननं पाणी मागितलं की बायका आधीच पदर डोळ्याला लावायच्या.

गावात ख्रिस्ती घरं तीनच. शांतवनचा आजा मोठ्या दुष्काळात पोरका झालेला आणि मिशनच्या लोकांनी वाढवलेला. दुसरं घर तानाबाईचं. ती विधवा, मिशनच्या दवाखान्यात दाईचं काम शिकलेली. गावातली अर्धी माणसं तिच्याच हातावर जन्मलेली. तिसरं घर बंडूजीचं. तो गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. दर रविवारी ही तिन्ही घरं तानाबाईच्या ओसरीवर जमायची. तानाबाई गाणं सुरू करायची, शांतवन खंजिरी वाजवायचा आणि मोकळ्या आवाजात गायचा. त्याचा गळा चांगला होता. रस्त्यानं जाणारी माणसं बैलगाडी थांबवून ऐकायची.

त्र्याहत्तर साली त्याची बायको गुलाब काविळीनं आजारी पडली. दीड महिना वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवून तिला घरी आणलं आणि पोळ्याच्या चार दिवस आधी, सकाळी, ती गेली. पोरगी नलू तेव्हा नऊ वर्षांची होती.

आधीच्या मौती तिन्ही घरांनी वर्ध्याला नेल्या होत्या, तिथल्या ख्रिस्ती कबरस्तानात. पण त्या आठवड्यात पाऊस असा लागला होता की पुलावरून पाणी चाललं होतं. एसटी बंद, ट्रक बंद. दुपार झाली, दुसरा दिवस उजाडला, पाणी उतरेना. तेव्हा सरपंच वासुदेवराव स्वतः शांतवनकडे आले.

"शांतवन, राग नको मानू," ते म्हणाले. "गावाबाहेर आपलं मसान हाये. लाकडं मी देतो. अग्नी दे अन् मोकळा हो. माणूस किती घंटे ठेवशीन असा?"

ते भल्यासाठीच बोलत होते. शांतवनलाही ते समजत होतं.

"मले नाई जमत, वासुदेवराव. तिनं सांगून ठेवलं हाये. मले मातीत ठेवजो, म्हणे."

मग नाल्याच्या उंच काठावर, ई-क्लासच्या सरकारी जागेत, एका बाभळीजवळ खड्डा खणला. त्या काठाला कधी पाणी लागलेलं कोणी पाहिलं नव्हतं. पाळकसाहेब येऊ शकले नाहीत. प्रार्थना तानाबाईनं केली, गाणं शांतवननं म्हटलं. रडत म्हटलं, पण पूर्ण म्हटलं.

वर्षभर तो दर रविवारी उपासना आटोपली की नलूला घेऊन तिथं जायचा. चौऱ्याहत्तरच्या भादव्यात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी दोघं गेले तेव्हा काठच नव्हता. बाभूळ नव्हती. जिथं गुलाबला ठेवलं होतं तिथून लाल पाणी वाहत होतं.

शेजारचे अण्णाजी, ज्यांचा नाल्याला लागून वांग्याचा मळा होता, त्यांनी पाहिलं की शांतवन कमरेएवढ्या पाण्यात उतरलाय आणि पोरगी वर उभी राहून ओरडतेय. त्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं. नंतर दोन दिवस दोघांनी मिळून खालच्या अंगाला पार नदीपर्यंत काठ पालथा घातला. काहीच सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी शांतवन खाकी कपडे घालून पोस्टात हजर होता.

पुढच्या रविवारी तो तानाबाईच्या ओसरीवर आला, खंजिरी हातात घेतली, ताल धरला आणि तोंड उघडलंच नाही. लोकांना वाटलं, दुःख ताजं आहे, येईल हळूहळू. पण तो महिना गेला, ते वर्ष गेलं. दर रविवारी तो यायचा, खंजिरी वाजवायचा कारण दुसऱ्या कोणाला येत नव्हती, आणि ओठ घट्ट मिटून बसायचा.

वर्ध्याचे पाळकसाहेब दर तीन महिन्यांनी यायचे. एकदा त्यांनी उपदेशात सांगितलं की संकटातही उपकारस्तुती करावी, सर्व गोष्टींबद्दल करावी. शांतवननं खंजिरी खाली ठेवली.

"कशाबद्दल, पाळकसाहेब?"

"अं?"

"उपकार कशाबद्दल मानू ते सांगा ना मले. बायको नेली त्याबद्दल? का नेल्यावर तिची मातीबी ठेवली नाई त्याबद्दल? लोकायले निदान जागा दाखवता येते. माही पोरगी इचारते, आई कुठं हाये. काय सांगू? नदीत?"

पाळकसाहेब साधे, थकलेले गृहस्थ होते. सहा गावं एसटीनं फिरायचे. ते लाल झाले. "माझ्यावर काय चिडता, शांतवन? मी काय पूर आणला?" असं म्हणाले आणि मग त्यांनाच वाईट वाटलं. त्या दिवशीची उपासना तिथंच संपली. तानाबाईनं दोघांनाही चहा दिला आणि दोघंही एकमेकांकडे न बघता तो प्याले.

पाळकसाहेब गेल्यावर तानाबाई शांतवनला म्हणाली, "भांडला ते बरं केलं. पण चुकीच्या माणसासंग भांडला."

"मंग कोनासंग भांडू, मावशी?"

"ज्याच्यावर राग हाये त्याच्यासंग. मी रोज भांडतो. नवरा नेला माहा, दोन लेकरं नेली, मी काय गप बसली? भांडून झालं का गातो. दोन्ही त्यालेच आयकवतो. दुसऱ्या कोनाले सांगू, बंडूजीले?"

"मले नाई जमत तसं. माह्या तोंडून खोटं नाई निघत."

"खोटं कोनी मागून राह्यलं तुले? खुशीत असल्यावरच स्तुती कराची, असं कोनं सांगतलं?"

शांतवननं खंजिरी उचलून खुंटीला लावली. तो घरी गेला आणि गावच्या ख्रिस्ती लोकांना कबरस्तानासाठी जागा मिळावी असा अर्ज लिहायला बसला. देवाशी बोलणं त्याला जमत नव्हतं, तर तो सरकारशी बोलू लागला.

सरकारशी बोलणं त्याहून अवघड निघालं.

पहिला अर्ज कुठं गेला ते कळलंच नाही. दुसऱ्याचं उत्तर सात महिन्यांनी आलं की ग्रामपंचायतीचा ठराव जोडलेला नाही. पंचायतीत गेला तर सांगितलं, आधी तलाठ्याकडून मोकळ्या जागेचा नकाशा आणा. तलाठ्याची बदली झाली होती, नवा आला नव्हता. नकाशा मिळाला तेव्हा ज्या जागेसाठी मागितला ती जागा शाळेला दिली गेली होती. पुन्हा दुसरा नकाशा. मग एक जण हरकत घेऊन उभा राहिला की ती गुरं चारायची जागा आहे, आणि हरकत घेणारे अण्णाजी होते. पाण्यातून ओढून काढणारे तेच.

"तुमीनं हरकत घेतली, अण्णाजी?" शांतवननं त्यांच्या बांधावर जाऊन विचारलं.

अण्णाजींनी मान वर केली नाही. वांगी टोपलीत भरत राहिले. दुसऱ्या दिवशी आष्टीचा बाजार होता. "माही चार ढोरं तिथंच चरते," ते म्हणाले. "तुह्यावर राग नाई. पण ढोरं कुठं नेऊ?"

शांतवन तसाच परतला.

तहसील कचेरीतून येणारं टपाल त्याच्याच हातून यायचं. 'शासकीय सेवार्थ' छापलेला खाकी लिफाफा थैलीतून निघाला आणि त्यावर स्वतःचं नाव दिसलं की त्याचा हात थांबायचा. पण तो तिथं फोडायचा नाही. बाकीच्या टपालात क्रमानं लावायचा, अख्ख्या गावाची पत्रं वाटायचा, त्याचं घर शेवटच्या गल्लीत होतं म्हणून शेवटी स्वतःच्या दारात सायकल लावायचा आणि मग फोडायचा. नलू सांगायची, बाबांनी लिफाफा फोडला की मी चुलीकडे निघून जायची. कारण ते चिठ्ठी वाचून खाटेवर टाकायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवा म्हटलं तरी जेवायचे नाहीत.

एकदा तो रजा टाकून कचेरीत गेला. बाबूनं फाईल चाळली आणि सहज विचारलं, "तुमच्या लोकांची घरं किती?"

"तीन."

"अन् वर्षाले किती मरते?"

शांतवननं त्याच्याकडे बघितलं. "मरत नाई म्हणून जागा नाई, अन् जागा नाई म्हणून मरता येत नाई. आमीनं कराचं काय, साहेब?"

बाबू हसला. त्याला तो विनोद वाटला. शांतवन बाहेर आला आणि एसटी स्टँडवर दोन तास बसला. गाडी आली, भरली, निघून गेली, तो उठलाच नाही. पुढच्या गाडीनं आला.

आम्ही गावकरी काय करत होतो? खरं सांगायचं तर काही नाही. त्याला पाहिलं की आम्हाला कंटाळा यायचा. पंचायतीची बैठक असली की तो मागे उभा असायचा, हातात कागद. कोणी त्याला वाईट बोललं नाही, हाकललं नाही. "पुढच्या खेपेला पाहू, शांतवनजी," एवढंच म्हणायचे. पुढच्या खेपेला तो पुन्हा उभा. असं दहा वर्षं चाललं. तो बोलायला कडू झाला. पत्रं वाचायचा पण आवाजात ओलावा उरला नव्हता. पोरं त्याच्या सायकलीला हात लावायला भ्यायची.

चौऱ्याऐंशी साली तानाबाईचे पाय सुजले, दम लागू लागला. ती शांतवनला म्हणाली, "माहं आता जास्त नाई. मले ट्रकात घालून वर्ध्याले नेऊ नोको. कापसाच्या गाठीवानी दोरीनं बांधून नेते लोकं. मी याच गावात लेकरं काढली. मले इथंच ठेवजो."

"कुठं ठेवू, मावशी? नाल्यावर?"

"ते तू पाय."

त्या महिन्याच्या बैठकीत शांतवन मागे उभा राहिला नाही. सरळ पुढे आला आणि कागद वासुदेवरावांपुढे ठेवला. "तानामावशी मराले टेकली," तो म्हणाला. "तुमच्या घरची चार लेकरं तिनं काढली. आता सांगा, ती मेल्यावर कुठं नेऊ."

कागद एका हातातून दुसऱ्या हातात फिरला. शेवटी एक पंच वैतागून म्हणाला, "अरे द्या ना बाप्पा कुठंतरी. दहा वर्षं झाले, कान किटले." तलावाच्या मागचं बरड निघालं. तिथं काही पिकत नव्हतं, गवतही उगवत नव्हतं, त्यामुळे हरकत घ्यायला कोणी नव्हतं. ठराव झाला तो दयेनं झाला की कंटाळ्यानं, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही. आठ महिन्यांनी मंजुरीचा लिफाफा आला. पाच गुंठे.

शांतवननं जागा पाहिली आणि त्याला आनंद होईना. टाच मारली तर दगड वाजत होता. "पेरता येत नाई ते आमाले दिलं," तो बंडूजीला म्हणाला. "इथं तर उंदराले बीळ खणता येनार नाई."

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात तानाबाई गेली. पहाटे गेली. उन्हं तापायच्या आत खड्डा झाला पाहिजे म्हणून शांतवन आणि बंडूजी सब्बल-कुदळ घेऊन बरडावर गेले. नलू वर्ध्याला नर्सिंग शिकत होती, बोरगाव मेघेला सख्ख्या मावशीकडे राहायची. तिला निरोप गेला होता, पाळकसाहेबांनाही.

दीडएक फूट मुरूम निघाला. त्याखाली सब्बल मारली की ठिणग्या उडायच्या. नऊ वाजले, दहा वाजले. बंडूजीच्या हाताला फोड आले. गावातून आणखी पाचसहा जण आले. तानाबाईसाठी आले. आळीपाळीनं सब्बल चालवली. अकराला खड्डा मांडीएवढाही नव्हता, आणि वरून मेचं ऊन. खाली ओसरीवर तानाबाई वाट पाहत होती.

शांतवननं सब्बल उचलली आणि फेकून दिली. ती खणकन दगडावर आपटली. तो वर आभाळाकडे तोंड करून ओरडला. आम्ही सगळे ऐकत होतो.

"इतकंच? अकरा वर्षं माह्याकडून कागद घासून घेतले, अन् हे दिलं? पहिली पाण्यात नेली अन् दुसरीले माती नाई! काय पायजे तुले माह्याकडून? सांग! काय पायजे?"

आमच्यातले एकदोघं घाबरून मागे सरले. माणूस देवाला असं बोलतो हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. बोलून झालं तरी तो तसाच उभा होता, छाती वरखाली होत होती. अकरा वर्षांत तो देवाशी पहिल्यांदा बोलला होता, हे मला पुढं नलूनं सांगितलं तेव्हा कळलं.

तेवढ्यात अण्णाजी आले. म्हातारे झाले होते. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं, चिमटीत मुरूम घेतला.

"हा दगड नाई," ते म्हणाले. "कडक मुरूम हाये. माही हीर खनली तवा असाच लागलता. कोरडा खनाल तर आठ दिवस लागन. याले पानी पाजा."

त्यांनीच आपली बैलगाडी आणली, त्यावर पाण्याचे दोन ड्रम. तलावातून भरून आणले आणि खड्ड्यात ओतले. मुरूम चर्र करत पाणी प्यायला. अर्ध्या तासानं सब्बल टाकली तर बोटभर आत गेली. पुन्हा पाणी, पुन्हा सब्बल. अण्णाजींनी चार खेपा केल्या. दुपारी तीनपर्यंत खड्डा छातीएवढा झाला. शांतवन चिखलानं माखला होता. अण्णाजींशी तो त्या दिवशी एक शब्द बोलला नाही, पण त्यांनी पाण्याचा लोटा दिला तेव्हा घेतला.

चारच्या गाडीनं नलू आली. पाळकसाहेब नव्हते, ते दुसऱ्या गावी गेलेले, निरोप पोचलाच नव्हता. तानाबाईला खाली ठेवलं. बंडूजीनं अडखळत प्रार्थना केली. आता गाणं म्हणायचं होतं आणि गाणं सुरू करणारी बाई तर खड्ड्यात होती. बंडूजीची बायको पदरात तोंड घालून रडत होती. नलूनं बापाकडे पाहिलं.

तानाबाईचं एक स्वतःचं गाणं होतं. बाळंतपणाला जाताना वाटेनं चालत चालत तिनंच देवासाठी जुळवलेलं:

*चाल माह्या धन्या, पुढं पुढं चाल,*
*तुह्या पावलावर माहं पाऊल.*

शांतवननं ते सुरू केलं. सकाळी ओरडून घसा बसला होता, त्यात अकरा वर्षं गाण्याची सवय मोडलेली. सूर लागला नाही. पहिली ओळ तर शिवी दिल्यासारखी निघाली. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला. तो थांबला, थुंकी गिळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चेहऱ्यावर राग तसाच होता, कपाळाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, आणि तो गात होता. नलू त्यात सामील झाली, मग बंडूजी. आमच्यापैकीही काहींना ते गाणं माहीत होतं. आमच्या आयांच्या बाळंतपणात घरोघरी ऐकू आलेलं. आम्हीही म्हटलं. सगळी कडवी म्हटली. मग माती लोटली.

परतताना नलूनं विचारलं, "बाबा, राग गेला का?"

"नाई."

"मंग गायले कसे?"

त्यानं हातावरचा वाळलेला चिखल खरवडला. "मावशीनं सांगतलं होतं, दोन्ही त्यालेच आयकवाचं. सकाळी एक आयकवलं, म्हणून दुसरं निघालं. उत्तर काई भेटलं नाई मले, नलू. पण आयकणारा हाये, असं वाटलं. खड्डा खनता खनता वाटलं."

पुढच्या रविवारपासून तो गाऊ लागला. जुना गळा परत आला नाही. आवाज चिरका झाला होता आणि तो जोरात गायचा. बैलगाड्या आता थांबत नव्हत्या. नलूचं लग्न सत्त्याऐंशी साली तानाबाईच्याच ओसरीसमोर मांडव घालून झालं, तेव्हा वऱ्हाडी मंडळी त्याचा आवाज ऐकून एकमेकांकडे पाहू लागली. नलूनं घुंगटाआडून हळूच म्हटलं, "बाबा, जरा हळू."

"अकरा वर्षं हळूच होतो," तो म्हणाला आणि आणखी वर चढवला.

त्याचा स्वभाव काही गोड झाला नाही. बरडाकडे जायची वाट पावसाळ्यात एका शेतकऱ्यानं काट्या लावून बंद केली, तेव्हा त्यानं वाटेसाठी नवा अर्ज टाकला. दोन वर्षं उत्तर नव्हतं. आलं तेव्हा 'विचाराधीन' असं आलं. त्यानं ते दारात उभं राहून वाचलं आणि कचेरीला मोठ्यानं दोन शिव्या घातल्या. मग आत जाऊन भात गरम केला आणि जेवला.